सातव्या कलमाचे आठ दिवस

लोहाऱ्याकडे निघालेल्या जीपमध्ये माझ्या मांडीवर बियाणे संस्थेची पिवळ्या कव्हरची पुस्तिका होती... आणि समोरच्या माणसाच्या मांडीवर तीच पुस्तिका, निळ्या कव्हरची. परतीचा पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. माणसं इतकी दाटलेली, की गुडघ्याला गुडघा लागत होता.

"तुमची जुनी आहे," तो म्हणाला.

"पुस्तक आहे हो, भाजी न्हाय शिळी व्हायला."

तो हसला. आधी डोळ्यांनी, मग ओठांनी. मी बाहेर पाहू लागले — बाहेर पाहण्यासारखं काहीच नव्हतं, तरी.

उतरल्यावर कळलं, हा शंभुलिंग. आमच्या शेतकरी गटाचं हरभऱ्याचं बियाणं तपासायला आलेला. आणि गटाच्या ज्या मानकावर, म्हणजे नियमांच्या कागदावर, बोट ठेवून तो तपासणार होता, ते मीच लिहिलेलं!

गोदामात त्यानं ते उघडलं. उगवण चाचणीपुढं माझी एकच ओळ होती : 'बियाणे संस्थेच्या पुस्तिकेतील सातवे कलम पाळावे.'

"कोणत्या आवृत्तीतलं सातवं?"

माझ्या पुस्तिकेत सातवं कलम उगवण चाचणीचं : दाणे मोजून ओल्या कागदात आठ दिवस ठेवायचे, किती उगवतात ते पाहायचं. त्याच्या नव्या आवृत्तीत मधेच दोन कलमं वाढलेली, आणि सातवं... पोती झटकून शिवण्याचं. गटाच्या दोन केंद्रांपैकी लोहाऱ्याच्या केंद्रात जुनी पुस्तिका होती, तामलवाडीच्या केंद्रात नवी. मी तामलवाडीचं केंद्र सांभाळणाऱ्या गजराबाईंना फोन लावला.

"व्हय की, पाळलं सातवं कलम!" त्या खुशीत म्हणाल्या. "एकेक पोतं झटकून दुहेरी टाका घातलाय. लई देखणं दिसतंय बघ."

म्हणजे तामलवाडीचा एकही दाणा कुणी उगवून पाहिला नव्हता. आणि दोन्ही केंद्रांचं बी भरून गाडी दारात उभी!

शिवकीर्तनात महाराज दुसऱ्याचं वचन घेतात, तेव्हा ते कुणाचं, कुठलं, हे आधी सांगतात. लहानपणापासून पुढं बसून ऐकत आलेली मी... आणि दुसऱ्याचा शब्द घेताना मीच कुठला ते सांगितलं नव्हतं.

"आठ दिस थांबायचं?" गटाचे अध्यक्ष वीरप्पाकाका तडकले. "पेरणी थांबती व्हय? लोकं दुसऱ्याचं बी घेतील. तसं झालं तर पोरी, तुझ्या कामाला मी दुसरं कुणी बघंन."

"काका, हे बी उगवलं न्हाय तर लोकांचा हंगाम जाईल," मी म्हणाले. "गाडी उतरवा."

शंभुलिंगनं बाह्या सारल्या, आणि पहिलं पोतं त्यानंच खांद्यावर घेतलं.

दोन्हीकडचे चारशे-चारशे दाणे मोजून ओल्या कागदांत गुंडाळले. चारशेतले तीनशे चाळीस तरी उगवायला हवेत. रोज येण्याची त्याला गरज नव्हती. तो रोज आला.

"आज काय काम काढलंत?"

"कागद वाळला का बघतो."

"फोनवर सांगितलं असतं की."

"सांगितलं असतं... पण फोनवर तुमचं रागावणं दिसत नाही."

पाचव्या दिवशी गुंडाळीचं टोक उलगडलं. तामलवाडीचे टोकाकडचे दाणे फुगून नुसते पडले होते. माझे डोळे भरले. त्याचा हात माझ्या हातापाशी आला... आणि मागं गेला.

"अहवालावर सही होईपर्यंत मी तपासनीस आहे," तो खाली बघत म्हणाला.

त्या संध्याकाळी कीर्तनाला बसले, पण मन गुंडाळ्यांत. नजर वर गेली, तर पुरुषांच्या बाजूला तो! ठेका चुकवत टाळ्या वाजवत होता. देवा, माफ कर... त्या दिवशी मी निम्मं कीर्तन त्याच्याकडं बघूनच ऐकलं.

आठव्या दिवशी मोजणी. लोहारा : तीनशे अडुसष्ट. मग तामलवाडी. तीनशे एकोणतीस... तीस... एकतीस. संपले.

"नऊ दाण्यांसाठी निम्मी गाडी रिकामी धाडू?" काका म्हणाले. "लिवा की साहेब चाळीस. कोण मोजायला येतंय!"

पेन कागदावर थांबलं. शंभुलिंग काकांकडं नव्हे, माझ्याकडं बघत होता. चाळीस लिहिले, तर माझं काम वाचत होतं.

"तीनशे एकतीस लिहा," मी म्हणाले.

त्यानं लिहिलं. सही केली. काका दारापर्यंत गेले, ड्रायव्हरवर ओरडले, "लोहाऱ्याचीच पोती भर! तामलवाडीची डाळीला जातील." मग मागं न वळता म्हणाले, "अन् तू, ती ओळ आजच्या आज नीट कर."

म्हणजे काम माझंच राहिलं होतं! मी लिहायला बसले : पुस्तिकेचं नाव, आवृत्ती, साल, मग कलम.

"दर ठिकाणी साल घालायचं?" मी विचारलं.

"एखादंच कलम उचलायचं असेल, तर घालायचं. पण अख्खी पुस्तिकाच मान्य असेल... पुढं त्यात काय बदलेल तेही आजच मान्य असेल, तर साल घालत नाहीत." तो थांबला. "आता मी तपासनीस नाही. शिवरंजनी... तुमच्यापुढं मला साल घालायचं नाही."

माझे कान तापले. "पुढं मी भांडखोर झाले तर?"

"मान्य."

"आत्ताच आहे."

"तेही आठ दिवस पाहिलंय."

बाहेर गाडी सुरू झाली. तिचा आवाज वळणापलीकडं जाईस्तोवर मी ती ओळ पुरी केली.

"मग रविवारी घरी या," मी म्हणाले. "बाबांना तुम्ही काही सांगू नका. मी सांगणार आहे."

त्याच्या हातातलं पेन फरशीवर पडलं. उचलायला दोघांपैकी कुणीच वाकलं नाही.