शाळेची वाट आणि एक हितसंबंध

"ओ साहेब! रस्ता काय आंदण मिळालाय तुम्हाला? बाजूला व्हा!"

शिट्टी तोंडातून काढून मी ओरडले. माझ्यामागे पहिली-दुसरीची पोरं लांब दोरीला धरून उभी होती आणि समोर, ऐन रस्त्याच्या मधोमध, एक उंच माणूस काठीला लावलेलं चाक ढकलत चालला होता. मान खाली, स्वतःशीच पुटपुटत. मागून टेम्पो येतोय, याला पत्ताच नाही!

मी धावले. दंड धरून त्याला कडेला ओढलं. टेम्पो कर्कश हॉर्न देत निघून गेला... आणि त्याचा दंड अजून माझ्याच हातात.

"फुटपाथवरून चालता येत नाही?" मी हात झटकन सोडला.

"फुटपाथच शोधतोय," तो धापा टाकत म्हणाला. "नकाशात आहे. इथे मात्र दिसत नाही."

मला हसू फुटणार होतं. कसंबसं दाबलं.

"काका, हे चाक कशाला?" चिमणीनं विचारलं. वर्गातली सगळ्यात लहान, म्हणून चिमणी. जीभ मात्र सगळ्यांत मोठी.

"रस्ता मोजायला. आणि काका नाही गं, दादा म्हण."

"मग दादा, बाईंनी ओढलं तर तुम्ही लाल का झालात?"

त्याने चाकाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं... माझ्याकडे तेवढं पाहिलं नाही.

तो पालिकेच्या रस्ते विभागातला इंजिनिअर निघाला. मुलांना शाळेत चालत किंवा सायकलवरून सुखरूप जाता यावं म्हणून सरकारने निधी दिला होता. रुंद फुटपाथ, वेगळा सायकलमार्ग, गतिरोधक. पण निधी एकाच रस्त्याला पुरणार होता आणि अर्ज बऱ्याच शाळांचे होते. आमच्या शाळेसाठी अर्ज मीच केला होता आणि कुठला रस्ता जास्त धोक्याचा हे तपासायला याला पाठवलं होतं.

"एका सकाळीत नाही कळायचं," तो म्हणाला. "उद्या परत यावं लागेल."

तो उद्या आला. परवाही आला. आठवडा सरला तरी त्याचं मोजणं काही सरेना. हळूहळू चाक ऑफिसातच राहू लागलं आणि हा दोरीच्या मागच्या टोकाला मुलांबरोबर चालायला लागला.

"हे पण सरकारी काम का?" मी एकदा विचारलं.

"अर्थात. रस्ता मुलांच्या उंचीवरून बघायला हवा."

"तुमची उंची मुलांची आहे?"

"नाही... म्हणून तर जास्त दिवस लागतायत."

मी खोटं रागावून पुढे बघितलं. गालातलं हसू त्याला दिसलं असणार, कारण नंतर शाळेच्या फाटकापर्यंत तो शीळ घालत होता. भलतीच बेसूर!

घरी मात्र वेगळाच सूर होता. त्याच रस्त्यावर बाबांचं चष्म्याचं दुकान. सायकलमार्ग झाला की दुकानासमोर गाड्या लावायची जागा जाणार.

"गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक येईल कशाला?" बाबा ताटावरून कडाडले. "आम्ही सगळे दुकानदार पालिकेच्या बैठकीत विरोध करणार. तू तुझ्या पोरांचं बघ, मी माझ्या पोटाचं बघतो."

"बाबा, दुनियेला नीट दिसावं म्हणून चष्मे देता. तुम्हाला दुकानासमोरची पोरं दिसत नाहीत?"

त्या रात्री त्यांनी आमटी पुन्हा वाढून घेतली नाही.

आणि मग एके दिवशी इंजिनिअर यायचा बंद झाला.

आधी वाटलं, आजारी असेल. फोन केला, उचलला नाही. दोन ओळींचा मेसेज आला — 'बैठकीपर्यंत भेटता येणार नाही. माफ करा.' माफ करा! इतके दिवस माझ्यासोबत चालून आता माफ करा? दुसऱ्या शाळेची शिफारस केली असणार, म्हणून तोंड लपवतोय... मुलं रोज विचारायची, "दादा कुठेत?" आणि मी शिट्टी जरा जास्तच जोरात वाजवायचे.

त्यातच माझ्या सोबतच्या बाई रजेवर गेल्या. दोरीचं मागचं टोक धरायला कोणी नाही. बाबांना विनवलं. "एकच दिवस," म्हणत ते आले. वळणावर एक ट्रक इतका खेटून गेला की वाऱ्याने चिमणीची टोपी उडाली. बाबांनी तिला पोटाशी धरलं. फाटकात पोचेपर्यंत त्यांनी तिचा हात सोडला नाही. सदरा घामाने भिजला होता... आणि सकाळ तर चांगली गार होती.

बैठकीचा दिवस उजाडला. पालिकेचं सभागृह गच्च भरलेलं. एकीकडे पालक, दुसरीकडे दुकानदार. आज निर्णय झाला नाही तर निधी परत जाणार होता. तो पुढच्या रांगेत बसला होता. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून मी त्याच्याकडेच बघत होते.

अध्यक्षबाईंनी घसा साफ केला. "सुरुवातीला नेहमीचा प्रश्न. कुठल्या अधिकाऱ्याचा कुठल्या अर्जदाराशी वैयक्तिक हितसंबंध आहे का?"

सहसा या प्रश्नाला कोणी मानही वर करत नाही. तो उभा राहिला.

"आहे."

सगळ्या माना वर झाल्या.

"या रस्त्यासाठी ज्या बाईंनी अर्ज केलाय, त्या मला..." त्याचा आवाज चिरकला. "मला आवडतात. फार. हे लक्षात आलं त्याच दिवशी मी तपासणी वरिष्ठांकडे सोपवली, आणि शाळेकडे जाणं बंद केलं. माझा एकही शेरा यात राहिलेला नाही."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि त्यांच्याकडून?"

"ते... विचारायचं धाडस अजून झालेलं नाही."

हशा, टाळ्या, शिट्ट्या! माझे कान तापले. म्हणजे हा पळाला नव्हता... माझ्या पोरांच्या रस्त्याला डाग लागू नये म्हणून लांब राहिला होता!

"बघा!" एक दुकानदार उठला. "प्रेमात पडून रस्ता निवडलाय! रद्द करा हा अर्ज!"

मी बोलायला उठणार, तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला.

"थांबा." बाबा उभे होते. "ती माझी मुलगी. गाड्यांची जागा जाणार तीही माझ्या दुकानासमोरची. मी विरोध करायलाच आलो असतो. पण परवा दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं." त्यांनी दुकानदारांच्या रांगांकडे पाहिलं. "गिऱ्हाईक गाडी मागच्या गल्लीत लावेल हो. पोरं कुठे लावायची?"

उठलेला दुकानदार खाली बसला.

वरिष्ठांच्या तपासणीतही आमचाच रस्ता सर्वांत धोक्याचा ठरला होता. हात वर झाले. मंजूर! पालक एकमेकांच्या गळ्यात पडले आणि मी गर्दीतून वाट काढत थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मला सांगायचं नाही, आणि अख्ख्या गावाला सांगायचं? ही कुठली पद्धत?"

"नियमाप्रमाणे..."

"गप्प बसा." मी त्याचा हात धरला. या वेळी सोडला नाही. "माझ्याकडूनही मंजूर. एकमताने."

"एकमताने कसं?" बाबा मागेच होते. "माझं मत कुठे घेतलंस?" त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "रविवारी दुकानात या. आधी डोळे तपासतो. इतक्या भांडखोर मुलीला बघून कोणी हो म्हणत असेल तर काहीतरी नंबर असणारच."

रविवारी तो खरंच आला, इस्त्रीचा शर्ट घालून. बाबांनी त्याला उंच खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला, भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट केलं.

"वाचा. सगळ्यात खालची ओळ."

"दिसत नाही."

"वरची?"

"तीही नाही."

"का?"

"मध्ये... त्या उभ्या आहेत."

बाबांनी हातातलं भिंग खाली ठेवलं आणि लांब सुस्कारा सोडला. "नंबर नाही. हा रोग आहे."

मी बाजूला झाले नाही.