बंद वाटेवरचं ताजं शेण

"पहिला मुक्काम वरच्या कुरणावर, दुसरा खिंडीपलीकडे, तिसरा तळ्याकाठी," नकाशावर बोट फिरवत सेराइना म्हणाली. "तीन दिवस, तीन सायकली."

"आणि एकच वाट. तीही बंद," तिचा भाऊ ऊर्सिन म्हणाला. दहा वर्षांच्या ऊर्सिनला वाईट बातमी सांगायला भारी आवडायचं.

कुर्डिन नकाशावर वाकला होता. तो आणि सेराइना पहिलीपासून एका बाकावर बसायचे. तेरा वर्षांचे झालात की सायकलवरून डोंगर ओलांडायला जा, असा दोघांच्या आयांनी शब्द दिला होता; ऊर्सिनलाही सोबत न्यायचं, एवढीच अट होती. यंदा दोघं तेरा वर्षांचे झाले आणि यंदाच कुर्डिनच्या बाबांनी दूरच्या बाझेल शहरात नोकरी धरली. पुढच्या बुधवारी त्यांचं सामान हलणार होतं. म्हणजे शनिवारी निघायचं, नाहीतर कधीच नाही.

"बोगद्यातून गेलं तर?" कुर्डिनने विचारलं.

"ट्रकांच्या मधून? सायकलवर?" सेराइनाची आई भांडी पुसत म्हणाली. "जंगलवाटेवरची पट्टी निघाली तर जा. नाहीतर घरात बसून नकाशा रंगवा."

ती लाल-पांढरी पट्टी ग्रामकचेरीच्या मागेच, जंगलवाटेच्या तोंडाशी बांधलेली होती. शेजारी पाटी होती : 'वृक्षतोड सुरू. पुढील सूचनेपर्यंत प्रवेश बंद.' एप्रिलपासून गावातलं कुणी पलीकडे गेलं नव्हतं. आमच्या गावात पाटी वाचल्यावर पुढे पाऊल टाकणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

"करवतीचा आवाज कुठाय?" कुर्डिनने कान टवकारले.

"जेवायला गेले असतील."

"सकाळी नऊ वाजता?"

ऊर्सिन पट्टीखाली वाकून पलीकडे बघत होता. "ताई, तिकडे शेण आहे."

"शी. चल मागे."

"अगं, ताजं आहे. माश्या बसल्यात. बंद वाटेवर गाय कुठून आली?"

तिघांनी माना वाकवल्या. शेण होतं खरं, आणि खुरांचे ठसे वरून खाली येऊन पुन्हा वर वळले होते. गाई वरून आल्या असतील, तर वाट मोकळी होती. वाट मोकळी असेल, तर ती बंद का होती?

ग्रामसचिव कांद्रियान काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "काम संपलं की वनरक्षक चिठ्ठी देतो. चिठ्ठी आली नाही. म्हणजे काम चालू आहे."

"पण काका, शेण—"

"शेणावर सही नसते, बाळा."

"वनरक्षकांना फोन करा ना."

"गिएरी जंगलात फोन बंद ठेवतो. आणि आपल्याकडे फोनवरचं चालत नाही. चिठ्ठी लागते."

"काम चालू आहे, पण आवाज नाही. माणसं नाहीत, पण गाई आहेत," बाहेर आल्यावर ऊर्सिन म्हणाला. "माझं डोकं गरगरतंय."

"तुझं नेहमीच गरगरतं," सेराइना म्हणाली खरी, पण तिचंही तेच झालं होतं.

मग कुर्डिनला सुचलं, "वरून विचारू. बोगद्यापलीकडे बसने जाऊ आणि त्या बाजूने कुरणावर चढू. बसमध्ये सायकल घेत नाहीत, पण आपल्याला तर घेतील."

गुरुवारी आईला सांगून तिघं पहिल्या बसने निघाले. दीड तास चढून कुरणावर पोचले, तेव्हा ओना मावशी गाईंना मीठ चाटवत होती. दर उन्हाळ्यात गावाच्या गाई तीच सांभाळायची; यंदा वाट बंद म्हणून त्या ट्रकने बोगद्यापलीकडून वर आल्या होत्या.

"तोडणीवाले?" ती हसली. "ते कधीच गेले रे. तीन जूनला. माझं अर्धं चीज फस्त करून पलीकडच्या खोऱ्यात उतरले. तेव्हापासून माझ्या गाई रोज त्या वाटेवर चरतायत."

"मग खालची पट्टी?"

"ती होय? मला वाटलं, गाई गावात शिरू नयेत म्हणून बांधलीय. किती काळजी घेतात, म्हटलं."

"आणि चिठ्ठी?" सेराइनाचा धीर सुटत चालला होता.

ओना मावशीने घराच्या दाराशेजारची टपालपेटी दाखवली. "गिएरी त्यात टाकून गेला. कांद्रियान दर रविवारी जंगलवाटेने फिरत इथे येतो, माझ्या हातचं ताक पितो आणि कचेरीचं टपाल घेऊन जातो. अकरा वर्षांत एक रविवार चुकला नाही. यंदाच कुठे गेलाय कोण जाणे. आजारी आहे का?"

कुर्डिनने पेटी उघडून चिठ्ठी बाहेर काढली. "आजारी नाही, मावशी. त्यांची वाट बंद आहे."

"कुणी केली?"

"त्यांनीच."

मावशीला हे दोनदा समजावून सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना सेराइनाचाच गोंधळ उडाला.

चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं : काम पूर्ण, वाट सुरक्षित. वरच्या बाजूला पाटी नव्हतीच, म्हणून तिघं चिठ्ठी घेऊन त्याच वाटेने उतरले. दोन तासांनी ते पट्टीपाशी आले. पण आतल्या बाजूने.

"आता काय?" ऊर्सिन कुजबुजला. "आपण बंद जागेतून बाहेर जायचं, की बाहेर जायलाही बंदी आहे?"

कचेरीची खिडकी धाडकन उघडली. "कोण आहे आत?" म्हणत कांद्रियान काका धावत आले. ते पट्टीच्या अलीकडे थांबले, तिघं पलीकडे.

"पाटी वाचता येत नाही तुम्हाला?"

"वरून पाटी नाहीये, काका," म्हणत सेराइनाने पट्टीवरून हात लांब करून चिठ्ठी दिली. "तुमच्या टपालपेटीत होती. सहा आठवडे."

काकांनी चिठ्ठी वाचली. सही तपासली, तारीख तपासली. मग मान वर करून वाटेकडे पाहिलं आणि त्यांचे कान हळूहळू लाल झाले.

"सहा रविवार," ते पुटपुटले. "मी घरात बसून शब्दकोडी सोडवत होतो."

त्यांनी खिशातून चाकू काढला आणि पट्टी कापली. "अख्खं गाव, मीही त्यात आलो, पाटी वाचून मागे फिरलं. तुम्ही पाटीही मोडली नाही आणि मागेही फिरला नाहीत. शाबास. तुमच्या आयांना मी स्वतः सांगतो."

शनिवारी सकाळी सात वाजता तीन सायकली वाटेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. तिथे आता काहीच नव्हतं, तरी तिघांचे पाय जमिनीवरून उचलेनात. सवय, दुसरं काय.

"पुढे कोण?" ऊर्सिनने विचारलं.

सेराइनाने आपली सायकल बाजूला घेतली. "कुर्डिन."

कुर्डिनने एकदा मागे वळून गावाकडे पाहिलं. मग त्याने पॅडलवर पाय ठेवला आणि तो झाडांत शिरला.