नवमीची गाठ

"हिनंच मारलं माझ्या वहिनीला!" खंडोजीरावाने भावजयीच्या विधवा सुनेचे, तुंगाचे केस धरले आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

इन्स्पेक्टर वेदवतीने त्याचं मनगट पिरगाळलं. "पुन्हा हात उचललास तर इथंच बेड्या घालीन!"

कानडी मुलखातल्या मंडी मोहल्ल्यात खंडेनवमीची दुपार. दारासमोर कुंकू भरून फोडलेले कोहळे पडले होते. आत स्वयंपाकघरात सुमित्राबाईंचं जळून काळं पडलेलं प्रेत. कवटी मागून फुटलेली.

"पडल्या असतील," खंडोजीराव घाईने म्हणाला. "हिनं गॅस उघडा टाकला. वहिनींनी काडी ओढली आणि धडाका झाला! मी धावलो, परसात जाऊन सिलिंडरची कळ बंद केली. नाहीतर सगळी गल्ली उडाली असती, नोडी, बघा!"

"तुमच्या स्वतःच्या हातानं?"

"हौदु, होय, याच हातानं."

तुंगाच्या कपाळातून रक्त गळत होतं. "मॅडम, मी देवळात होते. सकाळचा स्वयंपाक झाल्यावर सासूबाईंनी गॅस बंद केला, आयुधांसारखी सिलिंडरचीही पूजा केली. उत्तरपूजेपर्यंत आमच्यात कुणी हात लावत नाही. मी कशाला उघडू?"

"मुलं-बाळं नाहीत, घर मात्र हवंय!" तो ओरडला. शेजारी दबकून बोलू लागले. तुंगाला खुनी ठरवायला सगळे टपलेच होते.

वेदवतीने अग्निशामक दलाच्या नरसिंहमूर्तींना विचारलं, "आग कशी होती?"

"विचित्र. पाणी मारलं तशी फरशीवर पसरत गेली. शेवटी फोम मारला."

वेदवतीने खिडकीकडे पाहिलं. काच काजळलेली, पण अखंड. मग ती परसात गेली. सिलिंडर भिंतीबाहेर होता, आगीपासून लांब. रेग्युलेटरच्या कळीवर हळदकुंकू आणि शेवंतीची माळ. ती परत आली.

"चला, सगळ्यांनी परसात या."

लोक जमले.

"गॅसचा धडाका झाला असता तर काचा राहिल्या असत्या का? आणि गॅस पाण्यावर तरंगत पसरतो होय? पसरतं ते रॉकेल. आधी डोक्यात घाव, मग रॉकेल." ती खंडोजीरावाकडे वळली. "घराचा विषय मघाशी तुम्हीच काढलात. ते सुनेच्या नावावर होणार होतं, खरं ना?"

"दसरा झाल्यावर करणार होत्या," तुंगा रडत म्हणाली.

"खोटं! पुरावा काय?"

"ही माळ. कळीभोवती तीन वेढे, वर गाठ. गाठ सोडल्याशिवाय कळ फिरत नाही. वरचं कुंकूसुद्धा हललेलं नाही. मग तुम्ही बंद काय केलंत? गॅसचं सोंग करायचं तर निदान गाठ तरी सोडायला हवी होती. ते का नाही केलंत?"

खंडोजीराव घामाने निथळला. "अय्यो, मॅडम... नवमीची पूजा. ती कशी मोडू? देवी सोडेल का?"

"म्हसोबाला घाबरावं तसा गाठीला घाबरलास, आणि जित्या वहिनीला मारून पेटवलंस!" नरसिंहमूर्ती थुंकले.

तो पळायला वळला. वेदवतीने पायात पाय घातला. तो तोंडावर आपटला, दात तुटले, हातात बेड्या पडल्या.

तुंगाने पदराने कपाळ पुसलं.

"पंचनामा झाला की ती माळ मला द्या, मॅडम. उत्तरपूजा मी करणार. आता या घरात मीच आहे."