टॅगवरचे दोन आठ

टिंग! ताटलीत चमचा पडला आणि घरातली शांतता मोडली.

चमचा सुटला होता त्या पोरीच्या हातून. असेल दोनेक वर्षांची. मांजरसुंब्याच्या चौकात ऊसतोड मजुरांचे ट्रक चहाला थांबून निघून गेले, आणि ही ढाब्याच्या टाकीमागं झोपलेली सापडली. मंजुषाच्या सासूबाई, वत्सलाबाई, तिला कडेवर घेऊन घरी आल्या होत्या.

"मनगटाला तुझाच टॅग हाय बघ. नाव वाच अन् आईला फोन लाव. दुपारपर्यंत न्हाई लागला तर पोलीस हिला बीडला न्हेणार हायत."

हरवलं लेकरू आईपर्यंत पोचावं, म्हणून मजुरांच्या लेकरांच्या मनगटाला बांधायचे नाव-नंबरचे टॅग छापणारा प्रोग्राम मंजुषानं लिहून दिला होता. चाळीस टॅग छापून गेले होते.

या टॅगवर होतं: 808M5$@. खाली दहा इंग्रजी अक्षरं, o आणि n पासून सुरू.

मंजुषानं टॅग छापणाऱ्या शहादेवला फोन लावला.

"शहादेवभाऊ, मशीन बिघडलंय का?"

"न्हाई वैनी. मराठी पत्रिका छापतंय की रोज."

"यादी कशी होती?"

"नावं मराठीत, फोनचे आकडे बी मराठीत."

"आहे अजून?"

"पुसली. लेकरांचे नंबर ठेवू नका, तुमीच बोलला."

"आणि नमुना बघितला नव्हता?"

"बघितला की! तुमीच धाडलेला, इंग्रजी नावाचा. झ्याक निघाला. मग बाकीचे मशीनला लावले अन् म्या चहाला गेलतो. आल्यावर गठ्ठा न बघता तसाच धाडला."

मंजुषानं फोन ठेवला. तिची पाच वर्षांची राजनंदिनी पाहुणीला बिस्कीट भरवता भरवता टॅगवर बोट ठेवून म्हणाली, "आई, हितं आठ, अन् हितं बी आठ."

पहिलं आणि तिसरं. सारखंच. म्हणजे हा नुसता कचरा नव्हता; एका अक्षराला ठरलेली एक खूण होती.

मंजुषानं लॅपटॉप ओढला. आपलाच जुना कोड उघडला. एका ओळीवर नजर खिळली.

"आत्या," ती सासूबाईंना म्हणाली, "चोर सापडला."

"कोण गं मेला?"

"मीच."

तिनं स्क्रीन वत्सलाबाईंकडं वळवला.

"हॅस्केल या प्रोग्रामिंगच्या भाषेत माणसानं वाचायचा मजकूर वेगळा आणि मशीनला द्यायचे बाइट, म्हणजे आकडे, वेगळे. एकाचं दुसरं करायला यूटीएफ-८ नावाची पद्धत वापरायची. राजनंदिनी झोपेतून उठायच्या आत संपवावं म्हणून मी जवळची वाट धरली. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो; ती वाट त्याचा वरचा भाग छाटून टाकते. इंग्रजीला वर काही नसतंच, म्हणून माझा नमुना साफ निघाला. मराठीची मुंडकी उडाली."

"मग आता गं?"

"सगळ्या मराठी अक्षरांचं मुंडकं एकच. परत बसवते."

ती एकेक अक्षर बसवू लागली. आठाचा झाला स. शून्याचा र. पुन्हा स. सरस्वती. खाली o चा झाला नऊ, n चा आठ, असे दहाही आकडे.

फोन लागला. मंजुषानं सरस्वतीचं नाव घेतलं. पलीकडं एक बाई, मागं ट्रकची घरघर.

"सरू? माजी सरू हाय तिथं? मला वाटलं दुसऱ्या ट्रकात सासूपाशी हाय वो..." पुढचं रडण्यात गेलं. मग ओरडणं ऐकू आलं, "थांबवा! ट्रक थांबवा!"

मंजुषानं मार्कर घेतला आणि टॅगच्या मागं हातानं नाव लिहिलं, नंबर लिहिला. दोनदा ताडून पाहिला.

राजनंदिनी शेजारी वाकून बघत होती.

"आई, असलाच टॅग बांधलेली बाकीची लेकरं आता कुठं हायत?"