संत्र्याचा वास

पाववाला आला होता पावाची पाटी ठेवायला, आणि प्रयोगशाळेत रक्त काढणाऱ्या सुईवालीने त्याला बसवलं खुर्चीत. तिला वाटलं, प्रयोगासाठी आजचा माणूस हाच. बाही वर सारली, पट्टा आवळला, तेव्हा कुठे तो म्हणाला, "रक्त देतो हो... पण पाव कुठे ठेवू?"

दोघंही असे हसले, की सगळी प्रयोगशाळा काम सोडून बघत राहिली.

तिथे वाळवलेल्या भाज्यांची पूड कॅप्सूलमध्ये भरून माणसांना देत. भाजीतले पॉलिफेनॉल, म्हणजे तिला रंग आणि तुरटपणा देणारे घटक, अंगी किती लागतात ते मग रक्तात बघत. त्याआधी दोन दिवस चहा, फळं, भाज्या बंद. खायचा नुसता पांढरा पाव, प्यायचं दूध. पाव तर त्याच्याच भट्टीतला! त्याने लगेच नाव घातलं, आणि राखीव म्हणून आईचंही.

पहिल्या फेरीला ती दिवसभर थोड्या थोड्या वेळाने रक्त घेत होती. तो सुई सोडून तिच्याकडेच बघत होता. गिळलेली पूड जाते कुठे, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं, थोडे घटक तासा-दोन तासांत रक्तात उतरतात. बाकीचे खाली मोठ्या आतड्यात जातात, तिथले जंतू त्यांना फोडतात, तेव्हा कुठे शरीर त्यांना आपलं म्हणतं.

"म्हणजे मी पहिल्यातला," तो हळूच म्हणाला. "मला तासही लागला नाही... तुम्ही?"

"मी मोठं आतडं," ती बाटलीवर चिठ्ठी डकवत म्हणाली. "वेळ लागतो."

ती तोंडाने फटकळ, पण कान लालबुंद. तरी त्याने बाहेर फिरायला बोलावलं तेव्हा तिने नियम दाखवला. प्रयोगातल्या माणसाशी रक्तापलीकडे संबंध नाही. आणि प्रयोग अजून वर्षभर चालायचा!

दुसऱ्या फेरीला तिने त्याचा हात धरला... आणि थबकली. बोटांना संत्र्याचा वास — ताजा, घमघमता.

म्हणजे याने फळ खाल्लं होतं. बोलावं तर हा गेला. गप्प बसावं तर आकडा खोटा, आणि खोटेपणा तिच्या रक्तात नव्हता. ती उठली, प्रयोग चालवणाऱ्या मोठ्या बाईंना सांगून आली. त्याचं नाव कटलं.

"दोन दिवस जिभेला आवर घालता आला नाही?" तिचे डोळे भरले होते, तरी आवाज करवतीसारखा.

"मला संत्रं आवडत नाही," तो म्हणाला. "नाक दाबून खाल्लं. आता मी प्रयोगातला नाही ना?"

तिचा आनंद असा उसळला की लपवायला राग काढावा लागला. "आणि माझ्या प्रयोगातली जागा रिकामी पाडलीत, तिचं काय?"

"ती मी भरते," दारातून आवाज आला. त्याची आई आत आली. दोन दिवस चहा नाही, त्यामुळे मुद्रा तापलेल्या तव्यासारखी. पोराला तिने हाताला धरून खुर्चीतून उठवलं, स्वतः बसली, बाही वर केली. "पहिल्या फेरीपासून कर. आणि होणाऱ्या सासूला टोचू नये असा नियम असेल, तर तो चहानंतर वाचून दाखव."

सुईवालीच्या हातून पट्टा कधी पडला नव्हता. आज पडला. उचलायला दोघंही एकदमच वाकले... आणि वर यायचं नावच घेईनात.

"झालं," आई छताकडे बघत म्हणाली. "आता माझं रक्त कोण काढणार?"