मागचं उजवं चाक

विनेश नाखवा पहिल्यांदा आला तो जुलैच्या बारा तारखेला, सकाळी सव्वादहा वाजता, आणि आल्या आल्या त्याने मैत्रीलाच मिस्त्रीचा पत्ता विचारला.

पाऊस लागून राहिला होता. चोंढी नाक्यावरून मांडव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याची शेड होती, आणि शेडखाली मैत्री एका टेम्पोच्या चाकापाशी उकिडवी बसली होती. समोर कॉन्टेसा येऊन थांबली. गडद निळी, लांबलचक, सदतीस वर्षांची. पण इंजिन असं गुरगुरत होतं, की मैत्रीच्या हातातला पाना जागच्या जागी थांबला.

"मिस्त्री कुठंयत?"

"बोला."

"नाय, मिस्त्री..."

"मीच."

तो ओशाळला. छत्री नव्हती. केसांतून निथळणारं पाणी त्याने पंजाने पुसलं.

"सॉरी हा. मला वाटलं—"

"सगळ्यांनाच वाटतं. काम बोला."

काम मागच्या सीटवर होतं, गोधडीत गुंडाळलेलं. ऑर्डर देऊन बनवलेली चार अलॉय चाकं, त्यांवर नवे कोरे टायर. गाडीची मूळ चाकं चौदा इंची, ही अठरा. शिवाय चांगली तीन बोटं जास्त रुंद.

"संध्याकाळपर्यंत बसवून द्या," विनेश म्हणाला.

"ही चाकं ह्या गाडीची नाहीत."

"अहो, गाडीचं नाव सांगून बनवलीत!"

"नाव सांगून शर्टसुद्धा बसत नाही. माप लागतं."

त्याने स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. "माझा तर बरोबर बसलाय."

"तो पावसाने बसलाय."

आत स्टोव्हपाशी बसलेले रत्नपाल, मैत्रीचे वडील, मोठ्याने हसले. एसटीच्या आगारात चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. एवढ्यातेवढ्यावर हसणारा नव्हे. विनेशही हसला... आणि मैत्रीने मान खाली घातली, कारण गालावरचं ग्रीस एकाएकी तिला जाणवायला लागलं होतं.

गाडी आठ दिवस शेडमध्ये राहिली. नव्या चाकांची मधली भोकं मोठी होती. मैत्रीने लेथवर चार रिंगा कातून ती जुळवली. नट खोल भोकात बसायचे, तिथे बाजारचा पाना शिरेना; मग तिने एक पाना घासून पातळ केला. पुढची चाकं स्टेअरिंग पूर्ण वळवूनही मोकळी फिरली. अडलं ते मागे. खड्ड्यात गाडी दबली की टायर वर येतो आणि मडगार्डच्या आत वळलेल्या पत्र्याच्या कडेला लागू शकतो. लागतो की नाही हे बघायची मैत्रीची स्वतःची रीत होती. पेणच्या गणपतीच्या कारखान्यातून आणलेल्या शाडूचा गोळा ती त्या कडेखाली चिकटवायची आणि गाडी खड्ड्यांतून फिरवून आणायची. मग दाबल्या गेलेल्या शाडूची जाडी मोजायची. उरेल तेवढी फट.

"गणपती बसवताय काय गाडीत?" विनेश म्हणाला.

"बसा. वजन लागतं."

ती दोघं सासवण्यापर्यंत जाऊन आली. शाडू चार मिलिमीटर उरला. मैत्रीने आकडा खडूने त्या कडेच्या पत्र्यावर लिहिला आणि गाडी दिली.

चौथ्या दिवशी तो परत. "घासतंय. मागचं उजवं."

टायरची कड खरंच खरवडली होती. तिने पुन्हा शाडू लावला, पुन्हा फेरी मारली. पुन्हा चार. तीन दिवसांनी तो पुन्हा आला. या खेपेला बोडणीहून, त्याच्या कोळीवाड्यातून, येताना सुका जवळा आणला होता, "बाबांना" म्हणून. पुन्हा घासलेलं, पुन्हा चार. मैत्रीला दोन दिवस नीट झोप लागली नाही. माप चुकतं म्हणजे काय?

तिसऱ्या खेपेला तो चहा प्यायला आत गेला आणि तिने डिकी उघडली. उजव्या कोपऱ्यात दोन पोती, आज घरी उतरवायची राहून गेलेली. जाळं पाण्यात खाली बसावं म्हणून त्याच्या कडेला शिशाचे मणी ओवतात, त्या मण्यांची. एक पोतं तिला एकटीला हलेना.

"हे काय आहे?"

विनेश दारात उभा राहिला. कप हातातच. "वजन."

"ते दिसतंय. कशाला?"

"घासायला नको? नायतर..." त्याने रस्त्याकडे पाहिलं. "नायतर यायचं कसं?"

"टायर नवा होता, विनेश!"

"टायर परत मिळतो," तो म्हणाला.

तिने चिडायला हवं होतं. त्याने तोडलेला तिचा विश्वास, दोन रात्रींची झोप, खरवडलेला टायर... हिशेब सरळ होता. पण तिला आठवत राहिलं ते एवढंच, की आपण त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली, आणि त्याच्या ते लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी पोती काढून दोघं मांडव्याच्या जेटीपर्यंत गेली. पावसाळ्यात लाँचा बंद, फक्त गाड्या नेणारी रोरो बोट चालू. जेटीवर दोन कुत्री आणि एक चहावाला. काचा आतून धुरकटल्या. तिच्या मनगटावर शाडूचा ठिपका वाळला होता. विनेशने तो नखाने हळूच काढला, आणि हात मात्र सोडला नाही.

"मैत्री, मला तुला एक सांगायचंय..."

"मग सांग ना."

तो समोरच्या काचेकडे बघत राहिला. पलीकडून रोरो बोटीचा भोंगा वाजला.

"जाऊ दे. उद्या."

तो काय सांगणार हे तिला ठाऊक आहे, असं तिला वाटलं. घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघून हसत होती.

जुलैच्या शेवटच्या दिवशी तो आला तेव्हा सोबत त्याची केसरआत्या होती. नऊवारी, केसांत अबोलीचा वळेसर, गळ्यात ठसठशीत सोनं. शेडमध्येच असलेल्या गाडीभोवती तिने एक फेरी मारली.

"झाली का न्हाय चाकं? नारळी पुनवेला करंजा बंदराची माणसं येनार. त्यांनी दिलेली चाकं त्यांना गाडीवर दिसाया नकोत?"

"कोणी दिलेली?" मैत्रीने विचारलं.

"गो, आमच्या व्याह्यांनी. नवरी पूर्वी, तिच्या भावाने खास बनवून घेतली, जावयाला म्हनून. मे महिन्यातच सुपारी फुटली ना याची! तुलशीचं लगीन झालं, का याचा बार उडवायचा." केसरआत्या पुतण्याकडे वळली. "याने सांगितलं न्हाय व्हय? लाजतं ते."

विनेश लाजत नव्हता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. रत्नपालांनी आतून तीन कप आणले.

"नको, नको. गुरवार हाय, उपास हाय माझा," केसरआत्या दोन पावलं मागे सरली. "चल रं विनेश, घरा कालवन निवतंय."

उपास धरलेली बाई कालवण निवतंय म्हणून घाई करत होती. दारावरच्या पाटीवर 'जयभीम ऑटो वर्क्स' असं ठळक निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. रत्नपालांनी तिचा कप परत नेला. असे परत गेलेले कप त्या घराने बरेच पाहिले होते. आजचा मात्र मैत्रीला सोसवेना.

तो दुसऱ्या दिवशी एकटा आला. पाऊस धरून होता, पण तो शेडच्या बाहेरच उभा.

"आत ये. भिजतोयस."

"मी तेव्हा सांगणार होतो. जेटीवर."

"हे सांगणार होतास?"

तो चपलेने चिखल उकरत राहिला. म्हणजे हेच. सबंध वाटभर आपण कशाला हसत होतो, ते आठवून तिला अंगावर गरम पाणी पडल्यासारखं झालं.

"मला ते लग्न नकोय," विनेश म्हणाला. "पण करंज्याच्या दोन बोटी नि आमच्या दोन, या लग्नाने चारही एकत्र धंद्याला सुटणार. बापाने नारळावर हात ठेवून शब्द दिलाय. मी नाय बोललो तर... तो समुद्रात नाय जायचा परत. तोंड दाखवायचा नाय."

"मग?"

"एक आहे." तो घाईने आत आला. "तू सांग, चाकं बसत नाहीत. आत्ते तुझं ऐकेल, तिला गाडीतलं काय कळतंय? चाकं परत पाठवली की करंज्याची माणसं बिथरतील. मानाचं दिलेलं परत करतात का? बोलाचाली होईल, मोडेल सगळं आपोआप. कुणाच्या माथी काय नाय."

मैत्रीने हातातला पाना खाली ठेवला.

"आपोआप?"

"म्हणजे..."

"म्हणजे लग्न मी मोडायचं. चाकांच्या नावाखाली. आणि पुढे? माझं नाव घरात कसं काढणार होतास? तेही चाकांकडूनच?"

"मैत्री, एक वाक्य आहे गं फक्त."

"एकच आहे ना? मग तू बोल."

पाण्याच्या धारा पत्र्यावरून पडत होत्या. तो काहीतरी म्हणाला, तिला ऐकू आलं नाही. तिने पुन्हा विचारलंही नाही.

"हे बघ," ती शेवटी म्हणाली. "दोन माणसं बसली तर चाकं चालतात. पाच बसली की मागचं उजवं घासणार, शिशाची गरज नाही. वरातीला पाच बसतातच. नीट करायचं तर आतली पत्र्याची कड कापावी लागेल, आणि एकदा कापली की ती परत येत नाही. पुनवेला सात दिवस आहेत. सहा दिवस मी गाडीला हात लावत नाही. तोवर घरी बोल. बोललास, की मीच मूळ चाकं चढवून देईन."

"आणि नाय जमलं तर?"

"मग कापीन."

गाडी शेडमध्ये जॅकवर राहिली. मैत्रीने त्या सहा दिवसांत एक रिक्षा, दोन ट्रॅक्टर आणि एका डॉक्टरांची जीप केली. पहिल्या दिवशी रस्त्यावर मोटारसायकल हळू झाली की तिची मान वळायची. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: 'बोलतो आज.' चौथ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी रत्नपाल म्हणाले, "पोरी, मी जाऊन त्याच्या बापाला, काळूराम नाखवाला, भेटू?" ती म्हणाली, "नको, बाबा. तुम्ही कशाला उभे राहता त्यांच्या दारात?" आणि मग लेथ चालू केला, कातायला काही नसताना.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला, दोघं आली. पुढे केसरआत्या. मागे विनेश, दाढी वाढलेली.

"काय गो, अजून जॅकवरच? हा म्हंतो मिस्त्रीला शंका हाय. सरळ सांग मला, बसतील का न्हाय?"

रत्नपालांनी स्टोव्ह बारीक केला.

'बसत नाहीत.' दोन शब्द. केसरआत्या कपाळाला हात लावेल, करंज्याला फोन जाईल... आणि हा माणूस उद्या इथे उभा असेल, हसत, निर्दोष. कदाचित जन्मभर. आणि जन्मभर प्रत्येक अवघड वाक्य आधी आपल्याकडे येईल. मैत्रीने विनेशकडे पाहिलं. एवढंच हवं होतं, की त्याने मान वर करावी. तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

"बसतील," मैत्री म्हणाली. "कड कापावी लागेल. तीन तासांचं काम."

"काप मंग! येवढंच ना?" केसरआत्याने देवाला हात जोडले आणि नारळ-फुलं घ्यायला नाक्याकडे निघाली.

मैत्रीने चष्मा चढवला, ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या, खडूने लिहिलेला चारचा आकडा पत्र्यासकट खाली पडला. तिने कड घासून गुळगुळीत केली, गंज चढू नये म्हणून प्रायमर मारला, वर निळा रंग. विनेश तिन्ही तास तिथेच एका टायरवर बसून होता. चाक चढवून ती नट आवळायला लागली, तेव्हा तो तिच्या शेजारी उकिडवा बसला.

"माझा जीव आहे तुझ्यावर," तो म्हणाला. "खरंच गं. एवढं कुणावर... कधीच नव्हता."

"माहीत आहे."

"तुझा?"

मैत्रीने एक नट आवळला, मग त्याच्या समोरचा, मग आडवा.

"माझाही आहे," ती म्हणाली. "बाजूला हो, पाना फिरवायचाय."

तो सरकला. गाडी जॅकवरून खाली उतरली, चारही चाकांवर, देखणी. नाक्याकडून केसरआत्या पिशव्या घेऊन येताना दिसली. मैत्रीने हात चिंधीला पुसले.

"शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा आवळायचे. नवी चाकं बसली की ते थोडे सैल पडतात. विसरू नकोस, धोका असतो."

त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "शंभर... म्हणजे चारपाच दिवसांनी. येऊ?"

मैत्रीने हातातल्या पान्याकडे पाहिलं. तिने स्वतः घासून पातळ केलेला. त्या चाकांच्या भोकात जाणारा अख्ख्या रस्त्यावर हा एकच. तिने तो चिंधीत गुंडाळून त्याच्या हातात दिला.

"हा ने सोबत," ती म्हणाली. "घरीच आवळ."