भोकरवाडीचे त्रेचाळीस अर्ज

"ए मैथिली, ती लाल हायेत, पिकली न्हाईत! काळीभोर बघून तोड. न्हाईतर चिकानं तोंड चिकटंल आणि आम्हाला जरा शांतता मिळंल!"

करवंदाच्या जाळीपलीकडून गोरख ओरडला आणि स्नेहल खो खो हसली. मैथिली आपल्या ओरखडलेल्या हातांकडं बघत म्हणाली, "करवंदं खायला बोलावलंत की मांजराशी भांडायला?"

मैथिली भोरची. तिची आई, सौदामिनी, डोळ्यांची डॉक्टर. मार्च महिन्यात तिनं भोकरवाडीच्या शाळेच्या पटांगणात गावाचे डोळे फुकट तपासून चष्मे दिले होते. त्या दिवशी मैथिलीही मदतीला आली होती. सही कुठं करायची हे म्हाताऱ्या बायकांना कळेना, तेव्हा तिनं पंचायतीच्या वहीत पहिली सही स्वतः करून दाखवली होती. स्नेहलच्या आजीला, धोंडाबाईला, ती पोर फार आवडली. "सुट्टीत हिला आमच्याकडं धाडायची!" असं तिनं डॉक्टरीणबाईंना बजावलं. धोंडाबाईनं बजावलेलं मोडायची हिर्डोशीपासून घाटापर्यंत कुणाची छाती नव्हती. म्हणून मैथिली आज इथं करवंदाच्या जाळीत होती. सोबत स्नेहल आणि तिचा चुलतभाऊ गोरख. तिघंही जूनमध्ये सातवीत जाणार होती.

"ताई! ताई गं!" स्नेहलची धाकटी बहीण रत्ना धापा टाकत आली. वय वर्षं सहा. पाठीवर दप्तर. ती जूनमध्ये पहिलीत जाणार होती, पण दप्तर तिनं एप्रिलपासूनच पाठीला लावलं होतं. जेवताना तेवढं काढायची, तेही आजीनं डोळे वटारल्यावर! "शाळेत माणसं आल्यात. भिंतीवर लिवत्यात!"

सगळी पळत सुटली.

भोकरवाडीची शाळा दोन खोल्यांची, चौथीपर्यंतची. तिच्यात दोन अनोळखी माणसं टेप धरून उभी होती. एकजण भिंतीवर खडूनं 'बाथरूम' लिहून म्हणाला, "हितं बाथरूम. फळा काढला की दोन खाटा बसतील."

"ओ काका, शाळा हाय ही!" गोरख दारातूनच गरजला.

"होती! आता पर्यटकांना राहायला खोल्या होणार. पाच जूनला काम सुरू. आम्हाला काय विचारता, तुमच्याच गावानं ठराव दिलाय. एकमतानं!"

"मग मी कुठं जाऊ?" रत्नानं विचारलं.

"खालच्या गावात. पाच किलोमीटर तर हाय!"

स्नेहल आणि गोरख पाचवीपासून त्याच वाटेनं जात होती. वाटेत ओढा. मागच्या पावसाळ्यात त्याला अचानक पाणी चढलं, तेव्हा दोघं दोन तास एका खडकावर जीव मुठीत धरून बसली होती. गोरखचं दप्तर वाहून गेलं, ते आजवर सापडलं नाही. त्या ओढ्यातून ही एवढीशी रत्ना जाणार?

धोंडाबाई अंगणात नाचणीचे पापड वाळत घालत होती. पोरांचं बोलणं ऐकून तिनं हातातला पापड तसाच धरला.

"एकमतानं? आन माझं मत कुणी काढलं त्यात?"

संध्याकाळी देवळापुढं गाव जमलं. बोलायला सगळेच पुढं होते.

"रस्ता आडवू!" ज्ञानूकाका म्हणाले.

"आन आडकनार कोण? आपलीच यष्टी," धोंडाबाई म्हणाली. "ती बी दिसातनं दोनदा येती, त्ये बी तिची मर्जी आसली तर!"

"त्यांचा टेम्पो आला की चाकातली हवा सोडतो," गोरख म्हणाला.

"सोड की! मंग पोलीस तुला नेतील आन खोटं करणारा फिर्यादी हून बसंल. गुमान बस!"

सगुणाबाई म्हणाली, "पुढच्या निवडणुकीत दाखवू त्यांना."

"निवडणूक दोन वर्सांनी. तवर रत्ना काय वट्यावर बसून राहील?"

गेनबा म्हातारा मघापासून मान हलवत होता. "धोंडे, सरकार हाय ते. सरकारम्होरं आपलं काय चालतंय?"

"सरकार म्हंजी काय वाघ हाय व्हय रं? वाघ सुदीक मानसं दिसली की वाट बदलतो. त्येला आपण दिसलो पायजे! आधी कागदावर काय लिवलंय ते बघू. भांडायचं ते मागनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडाबाई तिघांना घेऊन पंचायतीच्या कचेरीत गेली. ग्रामसेवक भाऊसाहेब चहा पीत होते.

"ठरावाची वही ना? ती सरपंचांच्या कपाटात. चावी त्यांच्याकडं," त्यांनी बशीत फुंकर मारली. "अर्ज देऊन ठेवा, मावशी. तीस दिवसांत मिळंल नक्कल."

"तीस दिसांनी तुमच्या बाथरूमात पाणी यील, भाऊसाहेब!"

पण भाऊसाहेबांनी दुसरी फुंकर मारली. संपलं बोलणं.

तोंडं पाडून सगळी परत निघाली. फाट्यावर येताच गोरख थबकला. "आजे, तू बघ की! तू फ्लेक्सवर!"

विजेच्या दोन खांबांमध्ये भलामोठा फ्लेक्स झळकत होता. वर सरपंच सोमनाथरावांचा हात जोडलेला फोटो. खाली लिहिलं होतं, 'एक मेची ग्रामसभा! पर्यटक निवासाचा ठराव एकमताने मंजूर!' आणि मधोमध शाळेच्या पटांगणात बसलेलं अख्खं गाव. सगळ्यांचे हात वर. पहिल्या रांगेत धोंडाबाई!

"म्या?" धोंडाबाईनं चष्मा सारखा केला. "म्या येवढी आज्ञाधारक कधी झाले?"

"पण सगळ्यांचे डोळे का मिटलेत?" मैथिली पुढं सरकली. "आणि हातात कापूस... अगं स्नेहल! हा तर आपल्या शिबिरातला फोटो आहे! डोळ्यांत औषध घातल्यावर आईनं विचारलं होतं ना, कुणाकुणाचं घालून झालं, हात वर करा!"

"व्हय की!" स्नेहल उडालीच. "आणि मागं पांगारा बघ, लालभडक फुललाय. पांगारा मार्चमध्ये फुलतो. आता बघ त्याच्यावर एक तरी फूल हाय का?"

"आणि एक मेला गावात होतं कोण?" गोरख म्हणाला. "गेनबाच्या नातीचं लग्न होतं आंबवड्याला. झाडून सगळं गाव टेम्पोत! मी तर टपावर होतो!"

"टपावर?" धोंडाबाई गर्रकन वळली.

"त्ये... मागनं सांगतो, आजे!"

तेवढ्यात मोटारसायकलवरून खुद्द सोमनाथराव आले. धोंडाबाईनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांना थांबवलं आणि फ्लेक्सकडं बोट केलं. सोमनाथराव जराही बिचकले नाहीत.

"छपाईवाल्यानं चुकून दुसरा फोटो लावला असंल, काकी! फोटोत काय हाय? वहीत सह्या हायेत. चांगल्या त्रेचाळीस!" आणि भुर्रकन गेले.

"फाडू का फ्लेक्स?" गोरखनं बाह्या सरसावल्या.

"येडा हाईस का?" स्नेहल म्हणाली. "पुरावा कुणी फाडतं?" ती एका दगडावर बसली. मग हळूच म्हणाली, "मैथिली, अर्जाला उत्तर तीस दिवसांनी. पण अर्ज मिळाला म्हणून शिक्का मारून देतात ना, पोच, ती कधी द्यायची?"

"लगेच! बाबा म्हणतात, पोच न घेता दिलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर सोडलेलं पान."

"मग त्रेचाळीस माणसांनी सह्या केल्यात, तर त्रेचाळीस माणसं आपापली सही बघायला जातील. एकेक करून. प्रत्येकाचा वेगळा अर्ज, प्रत्येकाला वेगळी पोच!"

धोंडाबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, "घरी चला. कागद आना."

त्या दुपारी भोकरवाडीच्या देवळात दोन पोरी पालथ्या पडून लिहीत होत्या. सह्या कुणाच्या ते वही बघितल्याशिवाय कळणार नव्हतं, म्हणून फोटोतल्या माणसांपासून सुरुवात केली आणि सौदामिनीबाईंना फोन लावून शिबिराला आलेल्यांची नावं विचारून घेतली. मजकूर स्नेहलचा: 'माझी सही कोणत्या ठरावावर आहे, ते मला पाहायचं आहे. ती सही मी केली की नाही, ते मला सांगायचं आहे.' बस्स! गोरखचं अक्षर मुंग्या चालल्यासारखं, म्हणून त्याला पाणी आणायला आणि नावं सांगायला बसवला. रत्नानं प्रत्येक अर्ज फुंकून वाळवला. बॉलपेनाची शाई वाळवावी लागत नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडली तेव्हा दारात रांग! भाऊसाहेब चहा विसरले.

"हे काय? एकच अर्ज द्या की सगळ्यांचा मिळून!"

"सह्या येगळ्या, अर्ज येगळे," सगुणाबाईनं कागद पुढं केला. "आन आधी वाचून दाखवा. पोरांनी काय लिवलंय देवाला ठावं!"

भाऊसाहेबांनी वाचलं. शिक्का मारला. पोच दिली. मग ज्ञानूकाका. "वाचा जरा मोठ्यानं!" पुन्हा वाचलं, पुन्हा शिक्का. मग बाळाबाई. तिला ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा! सातव्या अर्जाला भाऊसाहेबांचा आवाज बसला. अकराव्याला शिक्क्याची शाई सुकली. गेनबानं घरून आणलेलं पाणी पुढं केलं, "घ्या भाऊसाहेब, घोटभर. अजून लई जणं हायेत." कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी टेबलावर हात आपटला नाही. भाऊसाहेबांनी कुणावर चिडायचं तरी कसं?

सतराव्याला त्यांनी शिक्का खाली ठेवला. "घ्या! बघा एकदाची ती वही!"

आणि सरपंचांच्या कपाटात कुलूपबंद असलेली वही भाऊसाहेबांच्याच टेबलाच्या खणातून निघाली!

स्नेहलनं एक मेचं पान उघडलं. वर 'ग्रामसभेस उपस्थित व ठरावास संमती' आणि खाली सह्यांची लांबलचक रांग. ती मोठ्यानं वाचू लागली. "क्रमांक एक..." आणि थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "क्रमांक एक. मैथिली उपेंद्र परचुरे!"

"मी?" मैथिली किंचाळली. "मी शाळा बंद करायला संमती दिली? मला तर अजून सातवीची पुस्तकंसुद्धा मिळाली नाहीत! आणि मी भोरला राहते!"

रांगेतून असा हशा उसळला की बाहेरची कोंबडी उडाली. मैथिलीनं वाकून बघितलं. मथळ्याचा कागद वरून चिकटवलेला होता. त्याची कड सुटली होती आणि खालून अक्षरं डोकावत होती, 'मोफत नेत्रतपा...'

"चष्म्याच्या सह्या!" स्नेहल म्हणाली. "आपण चष्म्यासाठी सह्या केल्या आणि ह्यांनी शाळा घेतली!"

गोरख तो कागद ओढायला धावला, पण धोंडाबाईनं त्याचा हात धरला. "कुनी हात लावायचा न्हाई! मैथिली, तुझ्या मोबाईलात फोटू घे. आन भाऊसाहेब, आता तुमी लिवा. वहीत काय घावलं ते जसंच्या तसं. खाली तारीख, सही. आन शिक्का! शाई नसली तर आमी आनून देतो."

भाऊसाहेबांनी पेन उचललं. "मावशी, म्या नको म्हणलो होतो, पण सरपंच म्हणाले, कोण बघतंय..."

"आमाला दिसत नव्हतं तवर कुनी बघत नव्हतं, भाऊसाहेब. आता चष्मे आल्यात!"

तो कागद, उरलेले अर्ज, वहीच्या पानाचे फोटो आणि सौदामिनीबाईंनी पाठवलेला शिबिरातला डोळे तपासायच्या फळ्यासकटचा पुरा फोटो घेऊन धोंडाबाई आणि तिघं पोरं पहिल्या यष्टीनं भोरला गेली. तालुक्याच्या साहेबांनी कागद उलटसुलट करून बघितले. शेवटी त्यांनी विचारलं, "हे अर्ज कुणी लिहिले?"

"आम्ही," स्नेहल कशीबशी म्हणाली.

"आमच्या कचेरीत असं नेमकं लिहिणारी माणसं असती तर!" साहेब हसले. "पोच घेऊनच जा."

तीस मेला शाळेच्या पटांगणात खास ग्रामसभा भरली. या वेळी साहेब स्वतः समोर बसले होते. सोमनाथराव कडेला उभं राहून रुमालानं मान पुसत होते. त्यांची चौकशी लागली होती. खोटा ठराव रद्द झाल्याचं साहेबांनी जाहीर केलं. मग विचारलं, "शाळा इथंच चालू राहावी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा."

"डोळे उघडे ठिवून गं बायांनो!" धोंडाबाई ओरडली.

सगळं पटांगण हातांनी भरून गेलं. साहेब मोजत मोजत पहिल्या रांगेपर्यंत आले आणि थांबले. तिथं दप्तर पाठीला लावलेली रत्ना टाचा उंचावून हात वर करून उभी होती.

"बाळ, तुझा हात मोजता येणार नाही," ते म्हणाले.

"बारा वर्सांनी मोजा, साहेब," धोंडाबाई म्हणाली. "तवर आमी हायेच."

सभा संपली. पोरांनी ओल्या फडक्यानं भिंतीवरचं 'बाथरूम' पुसून काढलं. साहेबांची परवानगी घेऊन गोरखनं फाट्यावरचा फ्लेक्स सोडवून आणला. तो फेकायला निघाला, तेव्हा धोंडाबाईनं अडवलं.

"टाकतोस कशाला? शाळेची कौलं गळत्यात त्या कोपऱ्यावर बांध. सोमनाथचा शाळेला तेवढाच उपेग!"

पोरं हसून लोळली. धोंडाबाईनं तिघांनाही जवळ ओढलं. कौतुक करायची तिला सवय नव्हती, त्यामुळं जरा वेळ लागला.

"आमी समदी सरकारला घाबरत व्हतो, न्हाईतर शिव्या देत व्हतो," ती म्हणाली. "त्येला नीट प्रश्न इचारायचा, ह्ये तुमाला सुचलं. शानी हायेत माझी पोरं. आन गोरख्या!"

"काय, आजे?"

"आता सांग. टेम्पोच्या टपावर बसायला तुला कुनी सांगितलं व्हतं?"

गोरख पळाला. त्याच्यामागं हसत स्नेहल आणि मैथिली. रत्ना मात्र तिथंच थांबली. तिनं पाठीवरचं दप्तर काढलं, शाळेच्या खुंटीला नीट अडकवलं आणि मोकळ्या पाठीनं घराकडं चालू लागली. तिला आता ते सांभाळत बसायचं कारण नव्हतं.